पास झालेले ठोकळे

"तिन्ही ठोकळे पास, मॅडम. सही करा, वरचा स्लॅब टाकतो," तळमजल्याच्या खांबाला टेकून ठेकेदार डुंबरे म्हणाले.

रिपोर्ट चांगला होता. जरा जास्तच चांगला. खांब भरताना त्याच काँक्रीटचे ठोकळे काढायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी लॅबमध्ये फोडायचे. ते किती भार झेलतात, त्यावर खांबाचा भरवसा. बीम निदान आधी तडकतो, वाकतो, पळायला वेळ देतो. खांब काही न सांगता बसतो. आणि डुंबरेंचं काँक्रीट इतकं गुणी कधीपासून झालं?

"फोडलेले तुकडे आणलेत ना? दाखवा."

त्यांनी हसत गोणी ओतली. मी एकेक तुकडा फिरवून पाहिला, मोठे होते ते हातोडीने आणखी फोडले.

"काय शोधताय?"

"माझी हिरवी बांगडी. हा खांब भरला त्या दिवशी तिन्ही ठोकळ्यांत तिचा एकेक तुकडा मीच दाबला होता. यांत एकही नाही. मग हे ठोकळे कुठल्या काँक्रीटचे?"

ज्या खांबाला टेकले होते, त्याच्याकडे एकदा वर पाहून डुंबरे हळूच दोन पावलं बाजूला सरकले.