सांधेवाल्याची आगगाडी

"भंगारात दे ते," म्हणून हे भिंतीकडे तोंड करून निजले.

जन्मभर रेल्वेत सांधेवाले, गाडीला रूळ बदलून देणारे. रिटायर झाल्यावर फळीवर सेलवर चालणारी खेळण्यातली आगगाडी उभी केली. डोंगर माझ्या जुन्या लुगड्याचे. फळी वाळवीने खाल्ली, ह्यांचा उजवा हात अर्धांगवायूने. तेव्हापासून माणूस पलंग सोडीना.

सून म्हणाली, "आई, त्या जागी शिलाई मशीन बसेल."

"आधी माझ्या छातीवर बसव," मी म्हटलं.

शाळा माझी दुसरीत सुटली, पण चाळीस वर्षं सांधेवाल्याचा संसार केलाय. नवी फळी आणली, खळीने रूळ चिकटवले. सिग्नल सरळ जाणाऱ्या गाडीला दिला, सांधा मात्र मुद्दाम मालधक्क्याकडे वळवला. मग बटण दाबलं.

आवाज ऐकून हे काठी टेकत दारात. "अगं ए! मेल मालधक्क्यात घालतेस? कुणी शिकवलं तुला?"

"कोण शिकवणार? मास्तर भिंतीकडे तोंड करून निजलेत."

काठी माझ्या हातात कोंबून ह्यांनी डाव्या हाताने सांधा फिरवला. मग म्हणाले, "सगळं उखड. पहिल्यापासून लावू."

रूळ बोट लावताच सुटले. खळ मी पातळच केली होती.