फुकटची जागा

आर्वोनं वाटेतच हिशेब मांडला होता. गावात थोरल्या भावाकडे उतरलं तर पलंग आणि गरम जेवण मिळेल, पण आईच्या आजारपणात तू कुठं होतास, हेही ऐकावं लागेल. गावाबाहेर जंगलातल्या तळ्याकाठी तंबूला भाडं नाही आणि विचारणारंही कोणी नाही. सकाळी आईच्या थडग्यावर फुलं ठेवायची आणि परस्पर शहराकडे निघायचं. दिवसभर गाडी चालवून तळ्यावर पोचेपर्यंत त्याचं अंग आंबून गेलं होतं. शेकोटीच्या दगडांशेजारी कुणीतरी बर्चची लाकडं फोडून, रचून ठेवली होती. जाळाल तेवढी पुढच्यासाठी फोडून ठेवायची, ही तिथली रीत त्याला ठाऊक होती, पण कुऱ्हाड उचलायचं त्राण नव्हतं. त्यानं सगळी जाळली. उजाडताच जुनी पिकअप येऊन थांबली आणि थोरला भाऊ रेनो उतरला. मागे लाकडं होती, तळ्याकाठच्या संडासात टाकायचा चुना होता. राखेकडे बघत तो म्हणाला, "गावातल्या माणसानं दोन लाकडं तरी ठेवली असती." "हे सगळं तू करतोस? मला वाटलं, जंगलखातं करतं." "कागदगिरणी बंद पडली, तेव्हाच तेही इथून गेलं. आईला इथं बसायला आवडायचं, म्हणून शेवटी शेवटी रोज आणायचो. मग सवय राहिली." आर्वो बोलणी खायच्या तयारीनं उभा राहिला. रेनो पिकअपच्या मागे गेला. एका हातानं कंबर धरून एकेक लाकूड उतरवू लागला. आर्वोनं मदतीला हात पुढे केला. "राहू दे," रेनो म्हणाला, "पाहुण्यांकडून आम्ही इथं काही घेत नाही."