आरचा पाय

"अगदी क्लॅरीचा हात! झेरॉक्स काढलीस जणू," बारमागून बेव्ह म्हणाली.

शिडीवरून उतरताना टीगनला ते टोचलं. हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याच्या बोल्स खेळाच्या क्लबमधल्या लाकडी फलकावर दर वर्षीच्या विजेत्याचं नाव सोनेरी अक्षरांत चढे. पन्नास वर्षं तिथे क्लॅरी पास्कोशिवाय कुणाचा ब्रश टेकला नव्हता. यंदा म्हाताऱ्याचा हात थरथरू लागला, म्हणून काम तिच्याकडे आलं.

२०११ साली ती क्लॅरीकडे अक्षरं रंगवायला शिकू लागली, तेव्हापासून एकच ध्यास: आपल्या अक्षराला आपलं वळण हवं. क्लॅरी रोज दुपारी चहाचा मग घेऊन मागे उभा राही, तिच्या हातावर नजर लावून. तिने फेकलेले सरावाचे कागदही घरी नेई. चुका काढायला, दुसरं काय!

आणि आज तिने लिहिलेलं नाव क्लॅरीच्या आधीच्या नावांत बेमालूम मिसळलं होतं. तिला रडू येत होतं. सोमवारपासून ती प्लास्टिकची अक्षरं कापणाऱ्या छापखान्यात जाणार होती. ब्रश कायमचा बंद.

क्लॅरी आला. डोळे बारीक करून फलक पाहत राहिला.

"सोडून चाललीस म्हणे?"

"चौदा वर्षं घासली, क्लॅरी. तुमच्या इंग्रजी 'आर' (R) अक्षराचा पाय बाहेर फेकलेला, माझाही तसाच. सरळ काढायला गेले तरी हात तिकडेच पळतो. माझं असं काहीच नाही."

"लोकांना चालतंय की."

"मला नाही चालत. नक्कल किती दिवस करायची?"

म्हातारा कान खाजवू लागला. ओशाळलेला क्लॅरी तिने कधी पाहिला नव्हता.

"वरची नावं पाहिलीस कधी?"

"वरची कशाला? जुळवायचं खालच्यांशी."

"चढ. आर तेवढे बघ. मग शिव्या घालायच्या तर घाल."

ती चढली. एकेक साल मागे जात राहिली. २०१९, पाय बाहेर फेकलेला. २०१५, तसाच. २०१२, तसाच.

२०१०, ती शिकायला येण्याआधीचं साल: पाय सरळ, काठीसारखा. त्याच्या वर थेट १९७४ पर्यंत सगळे सरळ.

टीगन शिडीवरच थबकली. चौदा वर्षांचं ओझं छातीवरून उतरलं आणि तिला हसू आवरेना.

"बेव्ह," ती वरूनच ओरडली, "झेरॉक्सवाला खाली उभा आहे बघ!"