सहावं मागणं

आलेखवहीचं पान टर्रकन फाटलं आणि तो आवाज थेट घुमटापर्यंत गेला.

"हळू गं बाई," आई कुजबुजली. "चर्च आहे हे, तुझा वर्ग नाही."

धाकटीनं पानाचे दोन तुकडे केले. एक स्वतःला ठेवला, एक ताईला दिला. ताईकडे ऐन वेळी कागद तेवढा नसायचा. बाकी सगळं असायचं. लांबसडक केस, पाहुण्यांची शाबासकी, मोत्यासारखं अक्षर. धाकटीच्या अक्षराला आई कोंबडीचे पाय म्हणायची.

आणि आता चित्रशाळेचा प्रवेश. शेवटच्या यादीत दोघी बहिणी, जागा एकच, निकाल उद्या सकाळी. घरात भांड्याला भांडं लागू नये म्हणून तर आईनं दोघींना दोन दिवस फिरायला काढलं होतं.

"इथली रीत साधी आहे," चर्चच्या किल्ल्या सांभाळणारे आजोबा म्हणाले. "आपलं मागणं लिहायचं, पेटीत टाकायचं. नाव घालायचं नाही. मग दुसऱ्या कुणाची तरी चिठ्ठी उचलायची आणि त्याचं मागणं आपण मागायचं. स्वतःसाठी काय, सगळेच मागतात."

"म्हणजे आमचं कुणीतरी वाचणार?" ताईनं विचारलं.

"अनोळखी माणूस वाचणार. त्याला काय लाजायचं? चाळीस वर्षं उरलेल्या चिठ्ठ्या मीच वाचतोय. माणसं कुठकुठून येतात, पण मागणी मोजून सहा. दुखणं, लेकरं, नोकरी, लग्न आणि गेलेल्या माणसाला शांती."

"ही तर पाचच झाली!" धाकटी म्हणाली. गणितात ती पक्की होती.

आजोबांनी नुसत्या किल्ल्या वाजवल्या.

धाकटीनं खांबाआड जाऊन लिहिलं, 'माझ्या बहिणीचा नंबर लागू नये.' चार घड्या घालून पेटीत टाकलं. मागोमाग ताईनंही टाकलं. काय लिहिलं असेल तिनं? सगळे सुखी होवोत, दुसरं काय! सद्गुणांची पुतळीच ती.

आजोबांनी पेटी गदागदा हलवली. ताईनं एक चिठ्ठी उचलली, मग धाकटीच्या हाती पिवळा कागद आला. 'आईचे गुडघे बरे होऊ देत. ती जिन्यातच बसते आणि म्हणते, दमले नाही, तुझी वाट बघत होते.'

धाकटीनं मान वर केली. पुढच्या बाकावर आई गुडघा चोळत बसली होती. विचारलं असतं तर म्हणाली असती, "काही नाही गं, गारठा आहे जरा."

कोण कुठलं ते पिवळ्या कागदाचं माणूस! पण आई मात्र अगदी हीच. धाकटीनं डोळे मिटले आणि दोन्ही आयांसाठी मनापासून मागितलं.

डोळे उघडले तर ताई अजून गुडघ्यांवरच. हातात चिठ्ठी घट्ट मिटलेली, गालांवर पाणी. झालं, इथंही पहिला नंबर! असं मनात आलं खरं, पण या वेळी ते टिकलं नाही. परक्याच्या दुखण्यावर रडणारी ही मुलगी, आणि हिच्या वाटेत आपण काय पेरून ठेवलंय? उद्या कुणीतरी भला माणूस ते उचलेल आणि हिच्याविरुद्ध देवाला साकडं घालेल.

धाकटी पळत पेटीपाशी गेली. "आजोबा, माझी चिठ्ठी परत घेऊ?"

"घे की. बरेच जण घेतात."

तिनं कोपरापर्यंत हात घातला. गुलाबी कागद, तिकिटाची पाठ, पाकिटाचा तुकडा. तळाशी आलेखाच्या दोन तुकड्यांपैकी एकच सापडला. आपलाच असू दे रे देवा, म्हणत तिनं तो फाडायला धरला आणि खात्रीसाठी एकदा उघडला.

'माझ्या बहिणीचा नंबर लागू नये.'

शब्दन् शब्द तोच. अक्षर मात्र मोत्यासारखं होतं.