कंपनीचं स्थळ

संदेशचा अंगठा फोनवरच्या ‘पे’ बटणाला टेकणार, तेवढ्यात कुसुमआत्यानं त्याच्या मनगटावर चमचा मारला. चमच्यात उपमा होता. तो स्क्रीनवर पडला आणि बटण उपम्याखाली गेलं.

“आधी बोलणी, मग देणंघेणं,” आत्या म्हणाली.

बोलणी करायला वेळ नव्हता. संदेशला घरबसल्या करायची नोकरी लागली होती. कंपनी लॅपटॉप पाठवणार होती आणि त्याचं डिपॉझिट आज संध्याकाळच्या आत भरायचं होतं. नाही भरलं तर जागा दुसऱ्याला जाणार होती. इंजिनिअर होऊन घरी बसलेल्या संदेशला हा दुसरा आता स्वप्नातसुद्धा दिसायला लागला होता. दुसऱ्याच्या गळ्यात आयकार्ड होतं.

डिपॉझिट जाणार होतं धाकट्या बहिणीच्या, हर्षदाच्या, कॉलेजच्या फीमधून. फी सोमवारी भरायची होती. पण लॅपटॉप पोचला की पैसे परत, असं कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं आणि खाली गोल शिक्का होता. वडिलांनी, म्हणजे नामदेवरावांनी, सिकंदराबादला रेल्वेत उभी नोकरी गोल शिक्क्यांच्या भरवशावर केली होती. नारायणगुड्याच्या त्यांच्या गल्लीत पेढे वाटूनही झाले होते.

कुसुमआत्या ही नामदेवरावांची धाकटी बहीण. नवऱ्याचं घर सोडल्यापासून सुलतान बाजारात एका खोलीत एकटी राहायची आणि हैदराबादेतल्या मराठी घरांची लग्नं जुळवायची. नोकरीतलं तिला काहीच कळत नव्हतं. तिनं पदरानं उपमा पुसला, कंपनीच्या एचआर साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“मैं लडके की आत्या बोल रही. लडका कब देखे तुम?”

“मॅडम, हमने ऑनलाइन प्रोफाइल देखी है.”

“फोटो देख के पसंद कर लिए?” आत्यानं संदेशकडे नीट निरखून पाहिलं. मग फोनवर हात ठेवून भावाला म्हणाली, “दादा, हा फोटोवरून पसंत पडणारा मुलगा नाही. इथंच काहीतरी आहे.”

संदेशला वाईट वाटलं. पण मुद्दा बरोबर होता.

“तुमारे में बडे कौन हैं? उनकू बात करने दो.”

“मॅडम, मैं सीनियर मॅनेजर हूं.”

“आवाज से नै लगते. अच्छा, इस जगह पे पहले कोई था क्या?”

“था, मॅडम.”

“कायकू गया? गया, की तुम निकाले?”

“मॅडम, ये जॉब है. शादी नहीं है.”

“लडका सुबह से शाम तक तुमारी सुनेगा और पगार घर में लाएगा. फरक बोलो.”

साहेबांच्या मागं कुणीतरी दुसरा माणूस आणखी कुणालातरी लॅपटॉप पोचला की पैसे परत, असं समजावत होता.

“कुसुम, पुरे आता,” नामदेवराव कळवळून म्हणाले. “चांगली माणसं आहेत. उगाच बिथरतील.”

“बिथरू देत. आपण मुलाकडचे आहोत. मुलाकडच्यांनी आधी पैसे मोजलेत, असं एक तरी लग्न दाखवा.”

नामदेवरावांनी आठवून पाहिलं. सापडेना.

आत्या पुन्हा फोनकडे वळली. “पैसे देते. पैले हम चार लोगां तुमारा घर देखने आते. कल सुबह. पता बोलो.”

“गच्चीबावली, मॅडम. बडी बिल्डिंग है.”

“उदर सब बडीच बिल्डिंगां हैं. सामने क्या है?”

बराच वेळ फोनमधून टाइप केल्याचा आवाज येत राहिला.

“सामने, मॅडम... चारमिनार है.”

गच्चीबावली शहराच्या या टोकाला, चारमिनार त्या टोकाला. मध्ये रस्ता मोकळा असेल तर तासाभराचं अंतर आहे, आणि रस्ता मोकळा मिळाल्याचं कुणी सांगत नाही. चारमिनार जागचा हलल्याचंही कुणाच्या ऐकण्यात नव्हतं.

“वरच्या मजल्यावरून दिसत असेल,” नामदेवराव म्हणाले.

“बाबा,” दारात उभी असलेली हर्षदा म्हणाली. एवढंच म्हणाली.

संदेशनं आत्याच्या हातून फोन घेतला. “सर, पैसे रेडी है. मैं ऑफिस में आ के हाथ में देता. गेट पे किसका नाम बोल के पूछना?”

फोन कट झाला. संदेशनं परत लावला. लागला नाही. मग व्हॉट्सॲपवर कंपनीचा लोगो होता त्या जागी नुसता राखाडी गोळा आला. संदेशनं पैसे पाठवायचं पान बंद केलं आणि फोन हर्षदाच्या हातात दिला.

“फी आत्ताच भरून टाक,” तो म्हणाला. “सोमवारची वाट बघू नकोस.”

हर्षदा तिथंच जमिनीवर बसून फी भरायला लागली. नामदेवराव मात्र अजून बहिणीकडेच बघत होते. गल्लीत पेढ्यांचं काय सांगायचं, हा विचार त्यांच्या मनात नंतर आला.

“कुसुम, फोटो काय, मोठं कोण काय, आधीचा कोण काय, घर कुठं काय,” ते म्हणाले. “हे असले प्रश्न तुला सुचतात तरी कुठून?”

आत्यानं बशीतला उरलेला उपमा चमच्यानं एका बाजूला केला.

“सुचलेले नाहीत, दादा. माझं लग्न ठरवताना तुम्ही विचारले नव्हते, तेच आहेत.”