खालच्या चार ओळी

“पुन्हा म्हणा,” बायको म्हणाली.

उस्तादने डोळे मिटले. “प. त, ग. र, ल, न. म, च, द, ट.” पुढच्या दोन ओळीही त्याने न अडखळता म्हणून दाखवल्या.

बायको हातातल्या कागदावर बोट फिरवत ऐकत होती. “आता जमलं,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

उस्ताद हे काही त्याचं नाव नव्हे. तीस वर्षं ट्रेलर चालवून एकदाही कुणाला खरचटलं नव्हतं, म्हणून बाकीचे ड्रायव्हर त्याला तसं म्हणायचे. पण अवेळी जेवण आणि चौदा-चौदा तास एकाच सीटवर बसणं, यातून साखर मागे लागली आणि साखरेने डोळ्यांचा पडदा खाल्ला. आता चष्म्याने भागायचं नाही, असं परगावच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. त्याने दिलेले तपासणीचे कागद उस्तादने घरी येता येताच फाडून टाकले. कंपनीच्या डॉक्टरांची वार्षिक तपासणी तोंडावर आली होती.

बायको किती दिवस कानीकपाळी ओरडत होती, “सोडा आता. गोदामाच्या फाटकावर बसा.”

“फाटकावर अर्धा पगार. पोरीच्या नर्सिंगचं अजून एक वर्ष आहे. तुझं काय जातं बोलायला?”

खरं तर पूर्ण पगारही सांगण्यासारखा नव्हता. सहा वर्षांत तो वाढला नव्हता. माल उतरवायला दोन-दोन दिवस रांगेत उभं राहावं लागे, त्याचा मोबदला शून्य. जोडीचा दुसरा ड्रायव्हर कंपनीने केव्हाच काढला होता. असली नोकरी टिकावी म्हणून आपण जिवाचं रान करतो, याची उस्तादला कधीकधी लाज वाटायची.

मागच्या महिन्यात एका वळणावर सायकलवरची बाई त्याला पार चाकाजवळ आल्यावर दिसली. मागे लहान मूल बसलेलं. ब्रेक लागला, निभावलं. घरी त्याने तो किस्सा हसत हसत सांगितला, पण पुढ्यातला चहा प्यायचा विसरला. दुसऱ्याच दिवशी बायकोने कागद आणून त्याच्यापुढे ठेवला. कंपनीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात झाडलोट तीच करायची. भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता तिच्या रोजच्या नजरेखालचा.

“एवढं भांडलीस, आणि आता मदत करतेस?”

“तुम्ही माझं ऐकणार थोडेच,” ती म्हणाली.

तपासणीच्या दिवशी तो स्टुलावर ताठ बसला. वरच्या दोन ओळींतली मोठी अक्षरं अंधुक का होईना दिसली आणि ती कागदासारखीच होती, तेव्हा त्याला धीर आला. त्याखाली नुसता धूर. तरी त्याने शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं घडाघडा म्हटलं.

डॉक्टर फॉर्म भरत होते. “छान,” ते म्हणाले. “तुमच्या कंपनीचे सकाळपासून तीन फोन आले. अकरा गाड्या ड्रायव्हरवाचून उभ्या आहेत म्हणे. या पगारात नवीन कोण येतो? तुम्ही जुनी माणसं आहात म्हणून चाललंय सगळं.” आणि त्यांनी शिक्का मारला.

उस्ताद जवळजवळ पळतच घरी आला. “झालो पास! आणखी एक वर्ष बघायला नको. दुपारीच भरलेली गाडी घेऊन निघायचंय.”

बायकोने ओले हात पदराला पुसले आणि त्याच्या हातातला फॉर्म घेतला. शिक्क्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग उंबऱ्यावरच बसली.

“सगळ्या ओळी म्हणालात? मी शिकवल्या तशाच?”

“एक अक्षर इकडचं तिकडे नाही. डॉक्टरांनी एकही चूक काढली नाही. तुझ्यामुळे पास झालो, खरं सांगतो.”

तिचा चेहरा त्याला नीट दिसत नव्हता, पण ती रडत होती हे श्वासावरून कळलं. आनंदाने रडतेय, असं वाटून तो तिच्याजवळ बसला.

“त्या खालच्या चार ओळी मी मनाने लिहिल्या होत्या,” ती म्हणाली. “तक्त्यावर त्यातलं एकही अक्षर नाही.”