फळीतला खिसा

आमच्या ह्यांनी टेलरिंगचं दुकान बंद केलं, मशीन घरी आणलं आणि त्यासाठी टेबल स्वतःच करायला घेतलं. मशीन टेबलात उतरवायचं, म्हणजे कापड सपाट सरकतं. "सुतार कशाला? कापड काय, फळी काय, कापायचंच ना?" माप चोख घेतलं, पण हात शिंप्याचा, फळीत चौकोन कापताना सवयीने शिलाईसाठी चारी बाजूंनी दोन बोटं जास्त धरली. मशीन खालच्या फळीवर बसलं, भोवती ही एवढी फट. मला हसू आवरेना. "फट नाही, खिसा आहे," हे म्हणाले. खिशात कात्री गेली, टेप गेली, चष्माही गेला. तीस वर्षं रोज "अगं, माझा चष्मा कुठाय?" ऐकून कान किटले होते. आता आठवडाभर हाक नाही. आज हे आंघोळीला गेल्यावर मी चष्मा खिशातून काढून फ्रिजवर ठेवला आणि भाजी चिरत बसले.